खडकांचे वय आणि वितंडा

न्यायशास्त्राने दोन पक्षांतील चर्चेचे तीन प्रकार मानले आहेत. सत्य काय ते ठरविण्यासाठी उभय पक्ष प्रमाणे पुढे करून बोलतात, तो वाद. जिंकणे एवढाच हेतू धरून बोलतात, तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष सिद्ध करण्याची जबाबदारी न घेता केवळ दुसऱ्याच्या पक्षावर घाव घालीत सुटणे, ही वितंडा. किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून खडकांची वये काढण्याच्या पद्धतीवर निर्मितिवादी मंडळी जे आक्षेप घेतात, ते या तिहींपैकी कोणत्या सदरात पडतात हे तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. ही वितंडा आहे. आणि ती वादाचा वेष घेऊन शाळेच्या दारापर्यंत आलेली असल्यामुळे तिची उपेक्षा करून भागणार नाही.

शाळेच्या दारापर्यंत, हे शब्द आम्ही अलंकार म्हणून वापरलेले नाहीत. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद येथे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, भरलेल्या वैदिक संमेलनाच्या वेळी तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा असल्याचे प्रतिपादन केले. वानराचा मनुष्य होताना पाहिल्याचे आपल्या पूर्वजांपैकी कोणी लिहून ठेवलेले नाही की सांगितलेले नाही, हे त्यांचे कारण. देशातील तिन्ही विज्ञान अकादम्यांनी एकत्रित पत्रक काढून या विधानाचा निषेध केला. परंतु पुढे २०२३ साली राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळण्यात आला. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञांनी व शिक्षकांनी त्याविरुद्ध निवेदन काढले, ते बहुतेकांना ठाऊक आहे. त्या भागाबरोबर जीवाश्मांचे वय कसे ठरवितात, समस्थानिकांच्या प्रमाणावरून ते कसे काढतात, हे सांगणाऱ्या ओळीही गेल्या, याची दखल मात्र फारशी कोणी घेतली नाही.

ही गोष्ट आमच्या सौंसर-पांढुर्ण्याच्या भागात विशेष बोचावी, याला कारण आहे. सौंसर हे नाव महाराष्ट्रातील अनेकांना नकाशावर शोधावे लागेल. पण जगातील भूविज्ञानाच्या अभ्यासकाला ते परिचित आहे. छिंदवाडा, नागपूर, भंडारा आणि बालाघाट या भागांतून कमानीसारख्या पसरलेल्या अतिप्राचीन रूपांतरित खडकांच्या पट्ट्याला 'सौंसर गट' म्हणतात. याच पट्ट्यात मँगनीजच्या खाणी आहेत. या खाणींचा अभ्यास करून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अधिकारी लुइस ली फर्मर यांनी १९०९ साली जो प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात येथील एका खडकाला गोंड लोकांवरून 'गोंडाइट' असे नाव दिले, आणि छिंदवाडा जिल्ह्यातील सीतापार या गावावरून एका खनिजाला 'सीतापराइट' म्हटले. सौंसर गटाच्या थरांना लोहांगी, मनसर, चोरबाहुली, जुनेवानी, बिछुआ अशी आपल्याच गावांची नावे आहेत. पांढुर्ण्याकडे येऊ लागले की दख्खनच्या लाव्हाचा काळा फत्तर लागतो. संत्र्यांच्या बागांना पोसणारी काळी माती त्याचीच. उत्तरेस पेंच-कन्हानच्या खोऱ्यात दगडी कोळसा. एका दिवसाच्या प्रवासात पृथ्वीच्या इतिहासाचे तीन वेगवेगळे अध्याय पायांखालून जातात. २०२३ पासून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आहे आणि सौंसर तहसील त्यात आली आहे. ज्या जिल्ह्यातील तहसिलीचे नाव भूविज्ञानाच्या कोशात आहे, तेथील मुलांना त्या खडकांचे वय कसे काढतात हे पाठ्यपुस्तकाने सांगू नये, यापरते दैन्य कोणते?

आता मूळ पद्धती थोडक्यात पाहू. काही मूलद्रव्यांचे अणू आपोआप क्षय पावून दुसऱ्या मूलद्रव्याचे अणू बनतात. युरेनियम-२३८ चे निम्मे अणू शिशात रूपांतरित होण्यास सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात. युरेनियम-२३५ ला सुमारे ७० कोटी, पोटॅशियम-४० ला सुमारे १२५ कोटी, रुबिडियम-८७ ला सुमारे ४,९६० कोटी. खनिजाचा स्फटिक बनल्यापासून जनक किती उरला आणि अपत्य किती साठले हे मोजले, म्हणजे मध्ये लोटलेला काळ गणिताने काढता येतो. तत्त्व एवढेच आहे. आक्षेपकांचा पूर्वपक्ष येथून सुरू होतो.

पहिला आक्षेप असा, की ही सारी इमारत तीन गृहीतांवर उभी आहे: आरंभी अपत्यद्रव्य किती होते ते ठाऊक आहे, मधल्या काळात खडकात काही शिरले नाही की त्यातून काही गेले नाही, आणि क्षयाचा वेग कधी बदलला नाही. आरंभी तेथे कोण हजर होता, असा सवाल करून आक्षेपक विजयी मुद्रेने थांबतात.

ही तीन गृहीते आहेत हे खरे. पण ती डोळे मिटून धरलेली नसून दर वेळी तपासली जातात. एकाच खडकातील चार-पाच खनिजे घ्या. काहींत रुबिडियम अधिक असते, काहींत कमी. स्फटिक बनताना सर्वांतील स्ट्राँशियमच्या समस्थानिकांचे प्रमाण सारखेच असते. पुढे ज्यात रुबिडियम अधिक, त्यात किरणोत्सारातून उपजलेले स्ट्राँशियमही त्याच हिशेबाने अधिक साठते. ही मापे आलेखावर मांडली असता ती एका सरळ रेषेवर येतात. रेषेचा चढ वय सांगतो, आणि रेषा अक्षाला जेथे भिडते तो बिंदू आरंभीचे प्रमाण सांगतो. म्हणजे जे गृहीत धरल्याचा आरोप आहे, ते येथे उत्तर म्हणून हाती येते. मधल्या काळात खडकाची उलथापालथ झालेली असेल तर बिंदू रेषेवर राहत नाहीत, विखुरतात. खडक स्वतःच सांगतो, माझ्यावर विसंबू नका. दोन शिलारसांच्या मिश्रणानेही कधी फसवी रेषा उमटते, हे भूवैज्ञानिकांनाच आधी कळले. म्हणून ते एका घड्याळावर थांबत नाहीत. झिरकॉनच्या एकाच कणात युरेनियमची दोन घड्याळे असतात. दोघांचे वेग निराळे, दोघांच्या शिशाचे समस्थानिक निराळे. त्यांनी एकच वय सांगितले, तर तो योगायोग मानायला फार मोठी श्रद्धा लागेल.

वेगाविषयी म्हणाल, तर त्याचीही साक्ष काढता येते. १९८७ साली दक्षिण गोलार्धात डोळ्यांना दिसलेला अतिनवतारा सुमारे एक लाख अडुसष्ट हजार प्रकाशवर्षे दूर आहे. त्यात उपजलेल्या कोबाल्टचा क्षय आपल्या प्रयोगशाळेत दिसतो त्याच वेगाने होत असल्याचे त्याच्या प्रकाशावरून आणि गॅमा किरणांवरून दिसले. म्हणजे लाखाहून अधिक वर्षांपूर्वीही निसर्गाचा हाच नियम होता. आफ्रिकेत गॅबनमधील ओक्लो येथे युरेनियमच्या खाणीत दोनशे कोटी वर्षांच्या सुमारास निसर्गतःच अणुभट्टी पेटली होती, हे १९७२ साली उघडकीस आले. तिच्या उरल्यासुरल्या राखेचा हिशेब आजच्याच अणुनियमांनी लागतो. रेनियमच्या अणूचे सर्व इलेक्ट्रॉन काढून घेतले असता त्याचा क्षय कित्येक पटींनी वाढतो, हा १९९६ सालचा प्रयोग आक्षेपक पुढे करतात. प्रयोग खरा आहे. परंतु अणूंवरील इलेक्ट्रॉन असे सोलून निघतील तेथे खडक खडक राहत नाही. सौंसरच्या खडकात तशी अवस्था कधी होती, हे दाखविण्याचा भार आक्षेपकांवर आहे. आणि भार उचलण्याची वेळ आली की वैतंडिक नेमका तेथूनच निघून जातो.

'आरंभी कोण हजर होता' या प्रश्नाकडे मात्र जरा थांबून पाहिले पाहिजे, कारण औरंगाबादच्या विधानाचा गाभाही तोच आहे. कोणी पाहिले नाही, म्हणून झाले नाही! डोंगरावर धूर दिसला की तेथे अग्नी आहे असे अनुमान करावे, हे न्यायशास्त्राचा विद्यार्थी पहिल्या दिवशी शिकतो. प्रत्यक्षाखेरीज दुसरे प्रमाणच नाही, अनुमान विश्वासार्ह नाही, हे मत आपल्या परंपरेत चार्वाकांचे म्हणून प्रसिद्ध आहे. वैदिक संमेलनाच्या निमित्ताने चार्वाकाचा पक्ष मांडला जावा आणि तो कोणाच्या ध्यानातही येऊ नये, हा विनोद दुर्मीळ खरा!

दुसरा आक्षेप अधिक चटकदार आहे. अमेरिकेतील सेंट हेलेन्स ज्वालामुखीच्या मुखाशी १९८६ साली थिजलेल्या दगडाचा नमुना एका निर्मितिवादी भूवैज्ञानिकाने पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने तपासून घेतला, तेव्हा साडेतीन लाख वर्षे असे उत्तर आले. दहा वर्षांच्या दगडाला जी पद्धती लाखो वर्षांचा म्हणते, तिच्यावर कोट्यवधी वर्षांच्या बाबतीत विश्वास कसा ठेवावा?

पांढुर्ण्याच्या बाजारात संत्र्यांच्या पेट्या तोलणारा काटा असतो, आणि सराफाच्या दुकानात गुंजभर सोने तोलणारा असतो. पेट्यांच्या काट्यावर कोणी नाकातील चमकी ठेवली आणि काटा पावशेर दाखवू लागला, तर काटा खोटा ठरत नाही. चमकी तेथे ठेवणाऱ्याची बुद्धी तोलली जाते. पोटॅशियमपासून आर्गॉन इतक्या मंद गतीने उपजतो की काही वर्षांच्या दगडात मोजण्याजोगा साठा होतच नाही. शिवाय शिलारसाबरोबर खालून आलेल्या जुन्या स्फटिकांत पूर्वीचा आर्गॉन कोंडलेला राहतो. ही अडचण भूवैज्ञानिकांनीच १९६० च्या दशकात, हवाईच्या ज्वालामुखीतून १८०१ साली आलेल्या लाव्हावर काम करताना, उघडपणे मांडली होती. ती ओळखता यावी म्हणून पद्धती सुधारली. १९९७ साली त्या सुधारलेल्या पद्धतीने इटलीतील व्हेसुव्हियसच्या उद्रेकाचे वय १,९२५ वर्षे निघाले, मागेपुढे ९४ वर्षांच्या मर्यादेने. इतिहासात त्या उद्रेकाचा सन ७९ नोंदलेला आहे, म्हणजे खरे वय १,९१८ वर्षे. सेंट हेलेन्सची गोष्ट सांगणारा व्हेसुव्हियसची सांगत नाही. यास काय म्हणावे ते वाचकांनीच ठरवावे.

तिसरा आक्षेप कोळशाचा, आणि तो आमच्या भागाच्या उंबरठ्यावरचा. कार्बन-१४ चे अर्धायुष्य ५,७३० वर्षे. दहा लाख वर्षांपूर्वी पृथ्वीच्या वजनाइतका निव्वळ कार्बन-१४ असता, तरी आज त्यातील एक अणूही उरता ना. तरीसुद्धा दगडी कोळशात आणि हिऱ्यांतही कार्बन-१४ चा अंश सापडतो. तेव्हा पंचवीस कोटी वर्षांहून जुना म्हणविणारा पेंचचा कोळसा वास्तविक कालपरवाचा आहे, असा युक्तिवाद केला जातो. अमेरिकेतील 'इन्स्टिट्यूट फॉर क्रिएशन रिसर्च' या संस्थेने १९९७ पासून आठ वर्षे चालविलेल्या प्रकल्पाचा हा मुख्य शोध.

या शोधाची किंमत अशी आहे. सापडलेला अंश इतका सूक्ष्म आहे की हाताळणीतला मळ, जंतूंनी आणलेला ताजा कार्बन आणि खुद्द यंत्राची पार्श्वभूमी यांत तो हरवून जातो. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २००७ साली हिऱ्यांचे नमुने नेहमीच्या रासायनिक प्रक्रियेतून न नेता सरळ यंत्रात घालून पाहिले, तेव्हा हा अंश आणखी घटला. म्हणजे त्याचा बराच भाग हिऱ्याबाहेरून आलेला होता. आणि त्या आकड्यावर क्षणभर विश्वास ठेवला, तरी वय निघते सुमारे पन्नास हजार वर्षे. सहा हजार वर्षांच्या सृष्टीला पन्नास हजार वर्षांचा कोळसा कोणत्या न्यायाने आधार देतो? याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. त्याच प्रकल्पाच्या २००५ सालच्या निष्कर्षांत, आजच्या वेगाने पन्नास कोटी वर्षांहून अधिक काळात होईल इतका किरणोत्सारी क्षय पृथ्वीच्या खडकांत खरोखर झालेला आहे, अशी कबुली आहे. मग उपाय काय? तो सर्व क्षय प्रलयासारख्या अल्प काळात अद्‌भुत वेगाने उरकला असे मानावयाचे. तसे मानले तर निघणाऱ्या उष्णतेने पृथ्वीचे कवच वितळून जाईल. आणि हा प्रश्न सुटलेला नाही, हेही त्यांनीच मान्य केले आहे. आपला पक्ष सिद्ध करताना ज्याला प्रतिपक्षाचे मुख्य प्रमेय मान्य करावे लागते, त्याला निग्रहस्थानी सापडलेला म्हणतात.

चौथा आक्षेप साध्या माणसाला सर्वांत पटणारा आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देणे प्राप्त आहे. आक्षेपक म्हणतात, शास्त्रज्ञांचेच एकमत नाही. एकाच खडकाची तीन वये तीन जण सांगतात. उदाहरणाला दूर जावयास नको. आमच्या सौंसर पट्ट्यातील तिरोडीच्या पट्टिताश्मावरून सुमारे १५० कोटी वर्षे असा आकडा आला. पुढच्या रूपांतरणाचा सुमारे ८६ कोटींचा आला. आणि अलीकडे मोनाझाइट व झिरकॉन यांच्या सूक्ष्म कणांवरून १०६ ते ९४ कोटी वर्षांच्या दरम्यानचे आकडे आले आहेत. सामान्य वाचकाला वाटेल, हा कसला हिशेब?

हिशेब असा, की ही एकाच घटनेची तीन उत्तरे नसून अनेक घटनांच्या निरनिराळ्या नोंदी आहेत. पर्वत उभे राहताना खडक खोल दाबला जातो, तापतो, आणि मग कोट्यवधी वर्षे निवत राहतो. झिरकॉनचे घड्याळ नऊशे अंशांच्या आसपासच्या तापमानालाही सहसा पुसले जात नाही. काळ्या अभ्रकाचे घड्याळ खडक तीनशे अंशांपर्यंत निवल्यावरच चालू होते. म्हणून झिरकॉन जन्माची गोष्ट सांगतो, मोनाझाइट भट्टीत पडल्याची, आणि अभ्रक निवाल्याची. एखाद्या घराण्याच्या कागदपत्रांत जन्माचा दाखला एका सालचा, लग्नपत्रिका दुसऱ्या सालची आणि वाटणीपत्र तिसऱ्या सालचे निघाले, तर ते घराणेच खोटे असे कोणी म्हणत नाही. आकड्यांचा क्रमही पाहावा. अभ्रकासारखी लवकर पुसली जाणारी घड्याळे अलीकडचा काळ दाखवितात, टिकाऊ घड्याळे मागचा. घड्याळे नुसती बिघडलेली असती, तर ही शिस्त त्यांना कोणी लावली असती?

मतभेद उरतातच, आणि ते कसे लढले जातात याचा उत्तम नमुना महाराष्ट्रातच आहे. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीच्या काठी बोरी येथे ज्वालामुखीच्या राखेचा थर आणि आदिमानवाची दगडी हत्यारे सापडली. १९८९ च्या सुमारास पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने त्या राखेचे वय १४ लाख वर्षे सांगण्यात आले. १९९५ च्या सुमारास सुधारलेल्या पद्धतीने ६.७ लाख, आणि दुसऱ्या काही अभ्यासकांनी राखेच्या रासायनिक घटनेवरून ती सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची ठरविली. येथे किरणोत्सारी वयाला आव्हान दिले गेले, आणि ते कठोरपणे दिले गेले. पण कसे? राखेत दख्खनच्या जुन्या फत्तराचे कण मिसळले असतील तर वय फुगेल, असे नेमके कारण दाखवून. नदीकाठचे थर पुन्हा तपासून. काचेच्या कणांचे नवे पृथक्करण करून. प्रत्येक पक्षाने स्वतःचा आकडा मांडला आणि तो दुसऱ्यांच्या परीक्षेला उघडा ठेवला. हा वाद. निर्मितिवादी बोरीचे तीन आकडे वाचतात आणि हर्षाने टाळी पिटतात. चौथा आकडा मात्र कधी काढून आणीत नाहीत.

पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगाव यांची गोटमार होते. माणसे जखमी होतात, प्राणही गेले आहेत. नदीतला गोटा हाती आला की तो भिरकावता येतो, किंवा फोडून आत काय आहे ते पाहता येते. वितंडा आणि वाद यांत अंतर आहे ते एवढेच.

फोडून पाहिलेल्या दगडांनी काय सांगितले, त्याचेही एक उदाहरण देतो. छिंदवाड्याजवळ लिंगा येथील लाव्हाचे एकावर एक थर फर्मर आणि फॉक्स यांनी १९१६ साली वर्णिले. त्याच जिल्ह्यातील मोहगाव कलाँ येथे लाव्हाच्या थरांच्या मध्ये सापडलेल्या अश्मीभूत वनस्पतींवर बिरबल साहनी व के. पी. रोडे यांनी १९३७ साली लिहिले. गारगोटीसारख्या दगडात त्या फळांच्या आणि बियांच्या पेशीसुद्धा टिकल्या आहेत. याचा अर्थ उघड आहे. लाव्हा आला, निवला, त्याची माती झाली, तिच्यावर तळी साचली, त्यांच्या काठी झाडे वाढली, फळली, गाळात पडली. आणि मग पुढचा लाव्हा आला. हे एकदा नव्हे, अनेकदा. सारे खडक एका वर्षाच्या जलप्रलयात बनले म्हणणाऱ्यांनी, त्या वर्षातील कोणत्या महिन्यात मोहगावच्या तळ्याकाठी फळे पिकली, ते सांगावे. छिंदवाडा जिल्ह्यातील झिलमिली येथे २००९ साली समुद्रातील सूक्ष्म जीवांचे जे अवशेष प्रसिद्ध झाले, ते महाकाय सरडे नाहीसे झाल्यानंतर लगेचच्या काळातले आहेत. जगभर त्या सीमेचे किरणोत्सारी वय ६ कोटी ६० लाख वर्षे आहे. आणि दख्खनच्या लाव्हांची झिरकॉनवरून काढलेली वये ६ कोटी ६३ लाख ते ६ कोटी ५५ लाखांच्या आसपास येतात. जीवाश्म ओळखणाऱ्याने अणू मोजलेले नसतात आणि अणू मोजणाऱ्याला जीवाश्म ओळखता येत नाहीत. दोन अपरिचित साक्षीदार एकच हकीकत सांगतात, तेव्हा न्यायालय ती मान्य करते.

येथवर परक्या आक्षेपांचा समाचार झाला. परंतु आपल्या घरात एक निराळी तऱ्हा आहे, आणि ती आम्हांस अधिक घातक वाटते. हे लोक विज्ञानाला खोटे म्हणत नाहीत. ते म्हणतात, हे आमच्या ऋषींना आधीच ठाऊक होते. ब्रह्मदेवाचा एक दिवस, म्हणजे कल्प, ४३२ कोटी वर्षांचा, शास्त्रज्ञ पृथ्वीचे वय ४५४ कोटी सांगतात, पाहा, जुळले! ऐकणाऱ्याची छाती फुगते आणि विचार तेथेच थांबतो.

वास्तविक ४३२ कोटी ही कल्पाची पूर्ण मर्यादा आहे. गेलेला काळ नव्हे. नित्याच्या संकल्पात आपण श्वेतवाराह कल्पातील वैवस्वत मन्वंतर आणि अठ्ठाविसाव्या महायुगातील कलियुग उच्चारतो. त्याचा हिशेब केला तर कल्पारंभापासून सुमारे १९७ कोटी २९ लाख वर्षे झाली, असे निघते. गोव्याच्या सीमेवर अनमोड घाटातील पट्टिताश्माचे वय सुमारे ३४० कोटी वर्षे निघालेले आहे. मग घाटातला खडक कल्पाच्याही आधीचा म्हणावयाचा काय? ज्याने आकडे जुळले म्हणून ग्रंथ खरा ठरविला, त्याला आकडे चुकले म्हणून तो खोटा ठरवावा लागेल. आपल्या ग्रंथांवर ही पाळी त्यांच्या भक्तांनीच आणू नये.

त्या महासंख्यांचा खरा अर्थ शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या १८९६ साली छापलेल्या 'भारतीय ज्योतिषशास्त्रा'त पाहावा. सूर्यसिद्धांताच्या ४३ लाख २० हजार वर्षांच्या महायुगात चंद्राच्या ५,७७,५३,३३६ आणि गुरूच्या ३,६४,२२० प्रदक्षिणा पूर्ण होतात. अपूर्णांक न येता सर्व ग्रहांच्या प्रदक्षिणा मोजता याव्यात, यासाठी योजलेले हे गणिताचे माप आहे. त्यातून गुरूची एक प्रदक्षिणा ११.८६ वर्षांची निघते, आणि ती आजही बरोबर आहे. एवढा खरा पराक्रम असताना खोटा कशाला चिकटवावा? लोकमान्य टिळकांनी १९०३ साली वेदांतील आर्क्टिक निवासाचा सिद्धांत मांडला, तेव्हा हिमयुग केव्हा संपले याविषयी त्यांनी अमेरिकन भूवैज्ञानिकांचा आधार घेतला. त्यांचा निष्कर्ष आज विद्वान स्वीकारीत नाहीत. परंतु वेदांचा काळ ठरवितानाही खडकांची साक्ष घ्यावी लागते, ही त्यांची दृष्टी निःसंशय योग्य होती.

आमच्या कोंकणी-भाषी ख्रिस्ती वाचकांनाही हेच निवेदन आहे. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली मराठीत 'क्रिस्तपुराण' रचले. त्यातील सृष्टिकथेचा गोडवा पृथ्वी ४५४ कोटी वर्षांची ठरल्याने एका ओवीनेही कमी झालेला नाही. पोप बारावे पायस यांनी १९५१ सालीच आपल्या विज्ञान अकादमीपुढे किरणोत्सारावरून काढलेल्या अब्जावधी वर्षांच्या वयांचा आधार घेतला होता. रोमला जी अडचण वाटली नाही, ती रायतूर-म्हापशाला वाटण्याचे कारण नाही. श्रद्धेचा आणि खडकाच्या वयाचा कलह मुळात नाहीच; तो लावून देणारे लोक आहेत.

शेवटी मागणे एवढेच. वगळलेला भाग पाठ्यपुस्तकात परत यावा, यासाठी पालकांनी आणि शिक्षकांनी लिहीत राहावे. तो येईपर्यंत सौंसर-पांढुर्ण्याच्या शिक्षकांना कोणाची परवानगी लागत नाही. दहावीच्या वर्गाला एक दिवस मँगनीजच्या खाणीवर न्यावे, एक दिवस जाम नदीच्या पात्रात, आणि एक दिवस मोहगाव कलाँला. मुलांनी विचारावे, हा दगड किती जुना, आणि ते कशावरून? निर्मितिवाद्यांचे आक्षेपही त्यांना अवश्य सांगावेत, लपवू नयेत. दोन्ही बाजू ऐकल्यावर कोण दगड फोडून दाखवितो आणि कोण नुसता भिरकावतो, हे सौंसरच्या मुलाला ओळखता येईल. न आले, तर त्या गावाचे नाव जगाच्या कोशात राहील आणि त्याचा अर्थ तेवढा गावातून गेलेला असेल.